हळदीचा चौथा कोपरा

शिवकाशीच्या सुडलैमुत्तूंनी ताडगूळ विकून शिळाछापाचा पहिला दगड आणला. त्यांचे पुत्र पोन्नुसामी यांनी त्या दगडावर देवदेवतांची कॅलेंडरे छापून घराण्याला नाव मिळवून दिले. आणि पोन्नुसामींचे पुत्र दुरैराज यांनी दगड बाजूला सारून ऑफसेटचे यंत्र बसवले. या तिघांमागून गादीवर आली ती दुरैराजांची एकुलती एक कन्या पूमयिल. तिने संगणक आणला, आणि वाडवडिलांच्या नावासोबत त्यांचे एक देणेही पदरात घेतले.

ते देणे पैशाचे नव्हते. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी शिवकाशीत नव्या कॅलेंडरांचे नमुने गिऱ्हाइकांपुढे मांडतात. पोन्नुसामींच्या काळी एके वर्षी तो दिवस तोंडावर आला असता दगड दुभंगला. शेजारच्या काशीराजनांनी स्वतःचे काम थांबवून सारे नमुने आपल्या छापखान्यात काढून दिले. आणि कागदाच्या तळाशी मुद्रकाची जी ओळ असते, तिथे स्वतःचे नाव न घालता पोन्नुसामींचे घातले, का तर गिऱ्हाईक तुटू नये. कागद-शाईचा खर्च पोन्नुसामींनी लगेच चुकता केला. ओळ कशी चुकती करणार?

पहिल्या छापील कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळद लावून तो देवापुढे ठेवायचा, ही तिथली रीत. त्या वर्षापासून पोन्नुसामी तीनच कोपऱ्यांना हळद लावू लागले. चौथा कोरा राही. दुरैराजांनी तो कोरा ठेवला, पूमयिलनेही ठेवला.

काशीराजनांचे चिरंजीव पाल्पांडी आता सत्तरीला आले होते. त्यांच्या संगणकावर बसणारा माणूस चेन्नईला निघून गेला आणि त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. हातात काम होते ते कोविलपट्टीच्या एका चिक्कीच्या कारखान्याच्या माहितीपत्रकाचे. डोळ्याला पट्टी बांधलेले पाल्पांडी, ज्यांना सारे आदराने 'अण्णाची' म्हणत, पूमयिलच्या दारात येऊन उभे राहिले.

"तू जुळवून, छापून दे. मजुरी सांग."

"तुमच्याकडून मजुरी घेतली, तर आजोबा वरून चप्पल फेकून मारतील, अण्णाची."

"नेम चांगला होता त्यांचा," अण्णाची म्हणाले. "घेऊच नकोस."

पूमयिलला वाटले, देणे आपल्या पायांनी दारी आले. तिच्याही छापखान्याचे दिवस काही बरे नव्हते. लग्नपत्रिका आता फोनवरून जात, आणि दोन यंत्रांपैकी एकावर बारमाही कापड पांघरलेले असे. पण हे काम तिने असे केले, जसे आधी कधी केले नव्हते. पडद्यावर गुळाचा रंग सोन्यासारखा झळके आणि कागदावर मात्र जळका उतरे. तेव्हा तिने निळी शाई कमी करीत करीत तो पाकाच्या रंगावर आणला. तीन घड्यांच्या पत्रकात आत दुमडणारे पान केसभर अरुंद ठेवले, म्हणजे ते बाहेर डोकावत नाही. शेंगदाण्यांच्या छायाचित्राभोवती तिने भरपूर मोकळी जागा सोडली. "इथे काहीच नाही?" अण्णाचींनी विचारले. "इथे तोंडाला पाणी सुटायचंय," ती म्हणाली.

नमुन्याची प्रत बसने कोविलपट्टीला गेली. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक गोमतीनायगम यांचा फोन आला.

"बाई, मी पत्रक बायकोला दाखवलं. ती म्हणाली, आपली चिक्की इतकी चांगली आहे हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं खातेय." मग ते कामाचे बोलले. "वर्षभराची वेष्टनं छापायला मी माणूस शोधतोय. तळाला नाव आहे तो छापखाना तुमचाच ना?"

पूमयिलने फाईल उघडली. मुद्रकाच्या ओळीत तिच्याच छापखान्याचे नाव होते. नवे काम ती नेहमी स्वतःच्या तयार साच्यावरून सुरू करी, आणि साच्याच्या तळाशी ती ओळ वर्षानुवर्षे बसलेली होती. रंग पाहिले, घड्या पाहिल्या. रोजचे म्हणून तेवढेच पाहायचे राहिले.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

वर्षभराची वेष्टने. यंत्रावरचे कापड निघेल, सुटलेली माणसे परत बोलावता येतील. तिने खोटे काहीच केले नव्हते. काम तिचेच होते. मनाची समजूत घालायला एवढे पुष्कळ होते, आणि नेमके म्हणूनच तिला ते पटेना.

अण्णाची चहाच्या वेळी आले. तिने नमुना पुढे केला. त्यांनी तो उघड्या डोळ्याजवळ नेला, तळाची ओळ वाचली आणि खाली ठेवला.

"मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"एका डोळ्याचा माणूस. कोण विश्वास ठेवणार?" त्यांनी पेला बशीत ठेवला. "राहू दे ती ओळ, पोरी. माझं वय झालं. तुझं यंत्र झोपलंय."

"आणि तुमच्याकडच्या घड्या घालणाऱ्या चौघीजणी? त्यांचं काय वय झालं?"

अण्णाचींनी पेला पुन्हा उचलून उरलेला चहा संपवला.

"एक जुनं देणं आहे, कसलं ते शुक्रवारी सांगते. तुम्ही सोडून दिलंत तर ते माफ होईल, अण्णाची. मला फेडायचंय."

त्यांच्यादेखत तिने ओळीवरचे आपले नाव पुसले आणि तिथे काशीराजन छापखाना असे घातले. मग फोन लावला. "मालक, साच्यातली चूक झाली. तुमचं काम ज्यांनी घेतलं त्यांचंच नाव तिथे हवं होतं. वेष्टनांचं त्यांच्याशी बोला. माणूस इथेच बसलाय." "काम असंच होणार ना?" गोमतीनायगम यांनी विचारले. "संगणकावर बसणारा नवा माणूस मी स्वतः तयार करून देईन," असे म्हणून तिने फोन अण्णाचींच्या हाती दिला. दरावरून घासाघीस सुरू झाली तसा त्यांचा आवाज खणखणीत झाला.

शुक्रवारी पत्रक यंत्रावर चढले. पहिला कागद तिने पिल्लैयारपुढे, म्हणजे गणपतीपुढे, ठेवला आणि वाटीतली हळद बोटावर घेऊन एक, दोन, तीन कोपऱ्यांना लावली.

"दरवर्षी पाहतोय," अण्णाची म्हणाले. "मला वाटायचं, तुमच्या घरी हळद जपून वापरतात."

तिने वाटी त्यांच्यापुढे धरली आणि चौथा कोपरा का कोरा राहत आला ते सांगितले. त्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांच्या वडिलांनी ही गोष्ट घरात कधी काढलीच नव्हती. अण्णाचींनी कागद डोळ्याजवळ नेऊन तळाचे वडिलांचे नाव सावकाश वाचले. मग हळदीत बोट बुडवून त्यांनी चौथा कोपरा माखला.

"पोन्नुसामींचं देणं फिटलं," ते म्हणाले. "पुरतं फिटलं."