डावीकडची खुर्ची

"मग खेळाच्या बाई, काकूंना मजा येते ना?" डॉक्टरांनी विचारलं आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसून "हो" म्हणावं आणि बैठक संपावी, एवढीच अपेक्षा होती.

पुनर्वसन केंद्रातला पेशंट घरी कधी जाणार ते या बैठकीत ठरतं. आधी डॉक्टर बोलतात, मग फिजिओ, मग नर्स, आणि चहाचे कप गोळा व्हायला लागले की मनोरंजनोपचार. तो विषय मी विद्यापीठात शिकते आहे आणि प्रशिक्षणासाठी या केंद्रात आहे. बीएस्सीनंतर मी हा अभ्यासक्रम निवडला तेव्हा दादा म्हणाला होता, "म्हणजे पत्त्यांत पदवी?" बाबा शेजाऱ्यांना नुसतं "हॉस्पिटलच्या लाइनला आहे" एवढंच सांगतात. खेळ, बागकाम, गाणं यांतून माणसाचं काय परत आलंय आणि काय आलेलं नाही ते ओळखायचं, आणि जे आलं नाही ते आणायचा प्रयत्न करायचा. घरी हे मी पुष्कळदा समजावून सांगितलं. आता सांगत नाही.

त्या दिवशी विषय होता किल्लीवाल्या काकूंचा. काकूंचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली आणि त्यांचा डावा हात-पाय गेला. हात-पाय परत आले. पण अशा आजारात आणखी एक गोष्ट जाते, ती दिसत नाही. डोळे चांगले असतात, तरी डावीकडचं जग मेंदू मोजतच नाही. सुरुवातीला काकू ताटातलं अर्धंच जेवायच्या आणि वाढलं कमी म्हणून नर्सशी भांडायच्या. आता ताट पूर्ण संपत होतं. सगळे खूश होते. काकूंना सोमवारी दुकान उघडायचं होतं, आणि त्यांचा मुलगा तारीख पक्की करायला बैठकीत येऊन बसला होता.

"काकू डावीकडच्या माणसाची पाळी खातात," मी म्हणाले.

"पत्त्यांत सगळेच खातात," डॉक्टर म्हणाले. पुन्हा हशा.

आम्ही चौघं रोज पत्ते खेळायचो. काकूंच्या उजवीकडे मी, समोर ड्रायव्हर भाऊ, डावीकडे पोस्टमन आजोबा, दोघेही इथलेच पेशंट. काकू पान टाकायच्या आणि थेट समोर बघून म्हणायच्या, "चला भाऊ, टाका लवकर, गाडी काय डेपोत लावलीय?" मधले आजोबा पान हातात धरून बसलेले. एकदा ते मला म्हणाले, "पोरी, मी या खेळात आहे की नाही ते सांग. नसलो तर जाऊन पडतो." सगळे हसलो.

मग मी जागा बदलल्या. भाऊंना डावीकडे बसवलं, तर भाऊ गायब झाले आणि आजोबा दिसायला लागले. मी स्वतः डावीकडे बसले, तर काकूंनी विचारलं, "पोरगी कुठं उलथली?" शांतपणे दोघीच खेळलो की त्या मला वगळत नव्हत्या. चौघंही बोलायला लागलो की डावी बाजू पुसली जायची.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कागदावरच्या चाचणीत त्यांनी एकही रेघ सोडलेली नाही."

"कारण त्यांना शिकवलंय की आधी कागदाची डावी कड शोधायची. शांत खोलीत त्या शोधतात. आणि इथं तर आपण सगळेच त्यांच्या उजवीकडून जातो. दचकू नयेत म्हणून. गोळ्या उजवीकडून, चहा उजवीकडून, खोलीचं दारही पलंगाच्या उजवीकडे. त्यांना डावीकडे बघायची गरज पडते कुठं?"

माझ्या विद्यापीठातल्या मॅडम माझ्याच शेजारी होत्या. त्यांनी टेबलाखाली माझा पाय दाबला आणि वर गोड आवाजात म्हणाल्या, "विद्यार्थिनी आहे. उत्साह जास्त आहे."

माझ्या कानशिलांतून जाळ निघाला. उत्साह! फिजिओ बोलली की ते निरीक्षण, डॉक्टर बोलले की निदान, आणि मी बोलले की उत्साह.

"किल्ली घासायचं पातं आईच्या डाव्या हाताशी असतं," मुलगा एकदम म्हणाला. "आणि दुकानात गिऱ्हाइकं एकावेळी चार-चार बोलतात."

डॉक्टरांनी मुलाकडे वळून बघितलं.

"एक डाव खेळा," मी डॉक्टरांना म्हणाले. "तुम्ही डावीकडे बसा."

काकू पत्त्यांच्या टेबलाशी छान पातळ नेसून आल्या होत्या. डॉक्टर आणि मुलगा पत्ते खेळायला आलेले पाहून त्यांना वाटलं, निरोप समारंभच आहे. "डॉक्टर, हरलात तर दवाखान्याच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडून करून घ्यायच्या हं," त्या म्हणाल्या. मी पानं वाटली. मुलगा समोर बसला आणि मी सांगितलं होतं तसं दुकानाबद्दल बोलत राहिला.

काकूंनी पान टाकलं. "हं बाळा, टाक."

"अहो, मी आहे की!" डॉक्टर हसले. काकूंनी दचकून मान वळवली, जीभ चावली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. त्यापुढच्या फेरीत डॉक्टर काही बोलले नाहीत. पान हातात धरून बसून राहिले. मुलाचं बोलणंही थांबलं.

काकूंनी आमच्याकडे बघितलं. "गप्प का सगळे? पाळी कुणाची?"

"आई, डॉक्टरांची."

"ते गेले ना मघाशी?"

डॉक्टर त्यांच्या कोपराला कोपर लावून बसले होते.

बाहेर आल्यावर ते नर्सला म्हणाले, "दुकान नाही. अजून महिनाभर इथंच. लिहा, गर्दीत डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होतं असं आमच्या निदर्शनास आलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डाव छान रंगला." मॅडम कौतुकानं हसल्या, ते डॉक्टरांकडे बघून. मी बोलले असते तर शिवीच निघाली असती.

दुसऱ्या दिवशी काकू खेळायला आल्या नाहीत. मी त्यांच्या खोलीत गेले.

"आलीस?" समोरच्या भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या. "रोज काकू काकू करून गोड बोललीस आणि चारचौघांत माझी शोभा केलीस. माझ्या पोरासमोर."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही लक्ष ठेवून खेळला असतात."

"मग? लक्ष ठेवणं म्हणजे लबाडी?"

मी आणखी एक पाऊल पलंगाजवळ गेले.

"दुकानात मी लक्ष ठेवलं नसतं?" त्यांचा आवाज चढला. "इतकी वर्षं काय डोळे झाकून किल्ल्या घासल्या? तुला तुझ्या परीक्षेत मार्क पाहिजेत, म्हणून माझं दुकान बंद!"

"मार्क डॉक्टरांना मिळाले," मी म्हणाले. माझाही तोल सुटला. "मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि तुमचं बोट कापलं गेलं असतं तर तिथं कुणीच नसतं, ना डॉक्टर, ना मी. ओरडा माझ्यावर, पण मी खोटं सांगणार नाही."

"जा इथून."

मी गेले नाही. उजवीकडे नेहमीची खुर्ची होती, पाहुण्यांची, नर्सची, सगळ्यांची. ती उचलून मी पलंगाला वळसा घातला आणि भिंत आणि पलंग यांच्यामधल्या फटीत घुसवली. गुडघे आवळून बसले. त्या बाजूला इतक्या दिवसांत कुणी बसलंच नव्हतं. खाली धूळ होती.

"गेलीस का?" काकू दाराकडे बघत म्हणाल्या. रागाच्या भरातही त्यांची डावी बाजू पुसली जात होती.

"नाही. इथं आहे."

"कुठं? समोर ये. ज्याला बोलायचं त्याचं तोंड दिसायला हवं."

"मी येणार नाही. तुम्ही वळा."

"म्हणजे शिव्यासुद्धा तुझ्या सोयीनं द्यायच्या?"

"हो."

काकूंनी दोन्ही मुठी गादीवर आपटल्या. मान हलली. अडखळत, मध्येच थांबून, समोरच्या भिंतीवरून डावीकडच्या खिडकीवर आणि खिडकीवरून खाली येत त्यांची नजर माझ्या खांद्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली.

"कार्टे," त्या माझ्या खांद्याला म्हणाल्या. "उद्धट, आगाऊ, नालायक कार्टे."

"अजून थोडं डावीकडे," मी म्हणाले. "मग पुढचं बोला."