शंभरात सहा पावलं चुकणारा पट्टा

मित्रांनो, मला पाहून मी नवा आहे असं कोणीच म्हणणार नाही. माझा काळा रबरी पट्टा दोन जागी चिरला आहे आणि काचेवर एक लांब ओरखडा आहे. पूर्वी एकदा चार्ज केल्यावर मी दहा दिवस चालायचो, आता चौथ्याच दिवशी मान टाकतो. मनगटावर बांधून पावलं मोजायचा, स्वस्तातला फिटनेस बँड आहे मी. माझी हकिगत मोठी नाही, पण मला ती सांगायला फार आवडते.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबच लांब टेबलावर झाला. कोणी माझ्या पोटात बॅटरी बसवली, कोणी काच चिकटवली. मग एका यंत्राने मला पाळण्यासारखं झुलवलं आणि माझ्यासमोर हिरवा दिवा लागला. म्हणजे मी पास झालो. मला वाटलं, आता माझं कधीच काही चुकणार नाही.

तिथून मी आदिलाबादच्या एका मोबाईलच्या दुकानात आलो. दुकान भूषणचं होतं. महागडी घड्याळं काचेच्या कपाटात दिव्याखाली बसायची आणि आम्ही स्वस्तातले पट्टे काउंटरवरच्या टोपलीत. येणारे लोक आम्हाला उचलत, उलटसुलट करत आणि विचारत, "हे खरं मोजते का हो?" भूषण प्रत्येकाला हसून म्हणायचा, "तेराशेत आनखी काय पायजे?" हे उत्तर ऐकून मला दर वेळी अपमान वाटायचा.

मार्च महिन्यात एका शनिवारी प्रगती नावाच्या शिक्षिका दुकानात आल्या. त्यांनी मला हातात घेतलं आणि माझा पट्टा ताणून पाहिला. मग म्हणाल्या, "बाबांसाठी पायजे. पन त्याहिले पटलं नाही तर?"

"आठ दिवसांत डबा-पावतीसकट परत आना, म्याडम. पैसे देतो," भूषण म्हणाला.

असा मी आठ दिवसांच्या बोलीवर आदिलाबादकडच्याच बेला या गावाजवळ एका खेड्यात आलो.

प्रगतीताईंचे बाबा म्हणजे नागोराव. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी मोजणी खात्यात काढली होती. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, तिला ते जुन्या लोकांसारखं 'जरीब' म्हणत, ती ओढत त्यांनी आजूबाजूच्या गावांतली शेतं मोजली होती. त्यांनी मोजलेल्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कधी भांडण झालं नाही, असं लोक सांगत. पण दिवाळीनंतर त्यांच्या छातीत कळ आली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली आणि घरी सोडताना तेलुगूत बजावलं, "रोजू नडवंडी." रोज चालत जा.

नागोराव मात्र चालेनात. ओसरीवरच्या खुर्चीतून फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच त्यांचं चालणं. चार महिने झाले, ते रस्त्यावर आले नव्हते. पावलं थोडी जरी भरभर पडली, की छातीत धडधड व्हायची आणि ती धडधड त्यांना पहिल्या कळेची आठवण करून द्यायची. हे ते कोणाला सांगत नसत. विचारलं, की म्हणत, "ऊन हाय," नाहीतर "गुडघा दुखून राह्यला." त्यांच्या पत्नी द्वारकाबाई सगळं ओळखून होत्या, पण त्या काही म्हणाल्या की नागोराव चिडत.

प्रगतीताईंनी मला त्यांच्या मनगटावर बांधलं. नागोरावांनी किंमत विचारली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या.

"तेराशेचं यंत्र काय मोजन? आमची जरीब दरसाल तपासून घ्या लागे. याले कोनं तपासलं?"

"तुमीच तपासा ना, बाबा," प्रगतीताई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मी येतो. खोटं निघालं तर परत नेतो."

मित्रांनो, त्या क्षणी मी मनातून हादरलो. मला तपासणारा माणूस जन्मभर मोजणीच करत आला होता!

परीक्षा लगेच सुरू झाली. नागोराव अंगणात आले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मनात मोजत शंभर पावलं चालले. मग त्यांनी मला पाहिलं. मी तेवीस दाखवत होतो.

"खोटारडं हाय!" ते ओरडले.

द्वारकाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अवो, हात मागं बांधून चालान तर त्याले काय दिसन? हात मोकळे सोडा."

नागोरावांना ते पटलं नव्हतं, पण परीक्षा पुरी करायची त्यांची सवय मोठी. हात मोकळे सोडून ते पुन्हा शंभर पावलं चालले. मी चौऱ्याण्णव दाखवले. पुन्हा चालले, पुन्हा चौऱ्याण्णव. तिसऱ्यांदा पंच्याण्णव. त्यांनी हनुवटी खाजवली.

"अंगन लहान पडते," ते स्वतःशीच म्हणाले. "दर दहा पावलांवर वळा लागते. वळनावर मोजनी बिघडते. सरळ रेघ पायजे."

आणि नागोराव फाटक उघडून रस्त्यावर आले.

द्वारकाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग ते खाली ठेवून त्या उठल्या. पायात चपला सरकवल्या आणि वीसेक पावलं मागे राहून चालू लागल्या. नागोराव पुटपुटत होते, "दोनशे दहा, दोनशे अकरा..." मोजण्याच्या नादात त्यांना भ्यायला वेळच नव्हता. पाचशेवर ते थांबले, मला पाहिलं आणि वळले. मागे बायको उभी.

"तू काऊन आली?"

"मले काय, मी फिरून राह्यली," द्वारकाबाई म्हणाल्या.

माझ्यावर चारशे सत्तर होते. शंभराला सहा कमी. नागोरावांनी खिशातून डायरी काढून ते टिपून घेतलं.

त्या आठवड्यात माझी फजिती पुष्कळ झाली. मंगळवारी नागोरावांचे मित्र चंपतराव बैलगाडी घेऊन दारावरून चालले होते. नागोराव त्यांच्या गाडीत बसले आणि मी बांधलेला हात त्यांनी गाडीच्या कठड्यावर ठेवला. वाट खडबडीत होती. शेतावर पोचेपर्यंत मी तीनशे बारा पावलं मोजून बसलो होतो, आणि नागोरावांनी तर पाय जमिनीला लावलाच नव्हता! चंपतराव इतके हसले की त्यांच्या हातातला कासरा सुटला.

"नागोराव, हा बैलाचे पाय मोजून राह्यला, बैलाचे!"

मी लाजेने काळाठिक्कर पडलो असतो, पण मी मुळातच काळा होतो.

गुरुवारी मात्र वेगळंच घडलं. नागोराव रस्त्याने पुलापर्यंत गेले. तिथल्या चढावर छाती धडधडू लागली. ते घाबरून पुलाच्या कठड्यावर बसले. द्वारकाबाई धावत जवळ आल्या.

"दुखते का?"

"दुखत नाही. पन धडधडून राह्यलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाडीचा आकडा एकशे सहा होता. ते टक लावून पाहत राहिले. एकशे सहाचे अठ्ठ्याण्णव झाले, मग नव्वद झाले. द्वारकाबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. थोड्या वेळाने मी ब्याऐंशी दाखवले.

"खाली येते," नागोराव हळूच म्हणाले. "द्वारका, पाह्य, खाली येते."

त्यांचा आवाज एखाद्या लहान मुलासारखा झाला होता. चार महिने त्यांना वाटत होतं, की एकदा चढलेली धडधड उतरणारच नाही.

तिथून दोघं सरळ गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेले. तिथल्या मीनल सिस्टरने बोटांनी नाडी मोजली, रक्तदाब पाहिला. तिचे शहात्तर आले, माझे चौऱ्याहत्तर. ती म्हणाली, "काका, चढावर नाडी वाढनारच. तुमी बसले आन् ती उतरली, हे चांगलं झालं. पन छातीत दुखलं, घाम आला, तर या पट्ट्याकडं पाहत बसू नका. लगेच आमच्याकडं या." सिस्टरचं बोलणं मला मनापासून पटलं. माझी लायकी पावलं मोजण्याची आहे, डॉक्टरची नाही.

शुक्रवारी आणखी गंमत झाली. दुपारी मी पन्नास मिनिटांची झोप दाखवली. नागोराव तावातावाने म्हणाले, "हे पाह्य, हे खोटं! मी नुसता डोळे मिटून पडलो होतो."

"मंग घोरत कोन होतं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

नागोरावांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि ती झटकन मिटली.

अखेर रविवार उजाडला. प्रगतीताई आल्या. माझा डबा आणि पावती टेबलावर काढून ठेवलेली होती. पुन्हा त्या टोपलीत पडावं लागणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. नागोरावांनी चष्मा लावला आणि जमिनीचा पंचनामा वाचावा तसा डायरीवरून उतरवलेला कागद वाचायला घेतला.

"हात मागं बांधून चाललं तर मोजत नाही. बैलगाडीत बसलं तर फुकटची पावलं देते. हात मोकळे सोडून चाललं, तर शंभरात सहा कमी. सोमवारी सहा, बुधवारी सहा, काल पुलावर जाऊन आलो तवाबी सहा."

"म्हणजे खोटंच निघालं," प्रगतीताई खाली मान घालून म्हणाल्या. त्यांनी डबा पुढे ओढला. "ठीक हाय, बाबा. नेतो परत."

"थांब. पुरं ऐकून घे." नागोरावांनी कागद खाली ठेवला. "आमच्याकडं एक जुनी जरीब होती. ओढून ओढून लांबली होती. नवीन साहेब आला, म्हने फेका हिले. मी म्हनलं, साहेब, किती लांबली ते मले माहीत हाय. तेवढं वजा केलं की मोजनी बरोबर. जी कधी लांबते आन् कधी आखडते, ती जरीब फेका. प्रगती, हा पट्टा चुकते, पन रोज सारखंच चुकते. त्याची चूक मले माहीत झाली. आता हा माह्या कामाचा हाय."

प्रगतीताईंचं मात्र वेगळ्याच शब्दावर लक्ष गेलं होतं. "बाबा, तुमी पुलावर गेल्ते?"

"मोजा लागे ना! अंगनात कसं मोजनार?"

"रोज रस्त्यानं जाऊन राह्यले," द्वारकाबाई म्हणाल्या. "आठ दिवसांत एक दिवस खाडा नाही."

प्रगतीताई हसू लागल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी पावतीची घडी केली आणि ती फाडून टाकली. मित्रांनो, कारखान्यातल्या त्या हिरव्या दिव्यापेक्षा त्या कागदाच्या फाटण्याचा आवाज मला अधिक गोड वाटला.

पुढच्याच महिन्यात, चौदा एप्रिलला, जयंतीची मिरवणूक निघाली. नागोराव निळा फेटा बांधून तिच्यात सामील झाले. पाय जपून टाकत होते, पण हात ढोलाच्या ठेक्यावर उडत होते. त्या संध्याकाळी मी इतकी जास्तीची पावलं मोजली की वजाबाकीचा सगळा हिशोब कोसळला. नागोरावांनी डायरीत लिहिलं, 'आजची मोजणी रद्द.' खाली द्वारकाबाईंनी लिहायला लावलं, 'पण दिवस चांगला.'

दोन वर्षं मी असा सुखात राहिलो. मग प्रगतीताईंनी बाबांसाठी मोठ्या काचेचं नवं घड्याळ आणलं. त्यात फोन वाजतो, वाटेचा नकाशाही दिसतो. माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. शेजारी गंजलेली कुलपं आणि एक बंद टॉर्च. माझी बॅटरी संपली आणि कित्येक दिवस मला अंधाराशिवाय काही ठाऊक नव्हतं.

एका सकाळी डोळे उघडले, तर मी चार्जरला लावलेला होतो आणि समोर द्वारकाबाई होत्या. त्यांनी ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली, बांगड्या वर सरकवल्या आणि मला स्वतःच्या हातावर बांधलं.

"आता माहं बी मोजा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नागोराव हसले. पण दुपारच्या जेवणाला बसताना त्यांनी माझा आकडा पाहिला आणि हातातला घास तसाच राहिला. अंगण, गोठा, पाण्याचा नळ, चूल, पुन्हा अंगण. आठ हजार होऊन गेले होते. त्यांच्या नव्या घड्याळात तीन हजार होते.

"यात शंभराला सहा मिळवा अजून," द्वारकाबाई म्हणाल्या.

नागोरावांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "लोकाइची शेतं मोजली मी. आपलं घर मोजाचं राहून गेलं." दुसऱ्या दिवसापासून सकाळचं प्यायचं पाणी ते भरू लागले. दोन कळशांच्या जागी चार अर्ध्या कळशा आणतात, सिस्टरने जड उचलू नका असं सांगितलंय म्हणून. पण आणतात.

मित्रांनो, मी विकत घेण्याजोगा आहे की नाही, हे दुकानातल्या टोपलीकडे पाहून कळत नाही. स्वस्त वस्तू घरी आणा, तर तिची नीट परीक्षा घ्या. तिला काय जमतं आणि काय नाही ते ओळखा, मग ती तुम्हाला फसवणार नाही. माझ्यासारख्यांची पाठ आठवड्यातून एकदा पुसा, पट्टा ओढून ताणू नका, आणि नवं आलं म्हणून जुन्याला लगेच खणात टाकू नका. आणि तुमच्या घरात कोणी फाटकापर्यंत जाऊन परत फिरत असेल, तर तुम्ही चपला घालून त्याच्यासोबत निघा.

आज सकाळीही आम्ही पुलापर्यंत जाऊन आलो. दोघांच्या मनगटांवरचे आकडे काही जुळले नाहीत. माझं खरं, की घड्याळाचं खरं, यावरून नवरा-बायको घराच्या पायरीपर्यंत भांडत आले आणि तिथे पोचल्यावर, हे मिटवायचं तर पुन्हा मोजावं लागेल, म्हणून दोघंही हसत मागे वळले.