ग्रेसीचा डबा

इस्टरआधीचा पन्नास दिवसांचा उपास लागला, शोशाम्माने मासळीची मातीची चट्टी घासूनपुसून माळ्यावर टाकली, आणि त्याच आठवड्यात ग्रेसीचा डबा सुरू झाला.

सकाळची मिस्सा आटोपली की ग्रेसी नदीकाठच्या पायवाटेने यायची. वरच्या पुडात अप्पम, खालच्यात इष्टू. नारळाच्या दुधातला, पांढराशुभ्र, बटाटा-गाजर-फरसबी मऊ शिजलेली. "औसेपच्चन, गरम आहे तोवर खाऊन घ्या हं," असं पायरीवरूनच म्हणायची आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसायची.

औसेपच्चन हा शोशाम्माचा नवरा. चर्चच्या गायकांचा तो कित्येक वर्षं म्होरक्या होता आणि ग्रेसी बायकांमधला पहिला आवाज. इस्टरच्या रात्री दोघांचे सूर मिळून वर चढले की बाया डोळ्यांना पदर लावायच्या. शोशाम्माही लावायची, पण तिच्या रडण्याचं कारण निराळं असायचं. तिला स्वतःला सूर म्हणून नव्हता. ग्रेसीचा नवरा वारला तेव्हा शोशाम्माने तिच्या घरी आठ दिवस कांजी नेऊन दिली होती, मनापासून. तरी दोघं सरावाला बसली की तिच्या जिवाची लाही लाही व्हायची.

मग औसेपच्चनच्या घशात गाठ निघाली. कोट्टयमला किरणांचे उपचार झाले, गाठ गेली, पण जाताना आवाजही घेऊन गेली. उरली ती नुसती घरघर. डॉक्टर म्हणाले, हलकं द्या, मऊ द्या, तिखट नको.

"वा ग्रेसी!" तो त्या घोगऱ्या आवाजात म्हणायचा. "याला म्हणतात इष्टू."

आणि शोशाम्माने संध्याकाळी तोच पदार्थ केला की दोन घास खाऊन ताटली सरकवायचा. "पुरे."

एकदा, दोनदा तिने गिळलं. मग एके दिवशी कढीपत्ता मागायच्या निमित्ताने ती थेट ग्रेसीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. ग्रेसी इष्टूच करत होती. खोबरेल तेलात आलं-कांदा परतला, पण लाल होऊ दिला नाही. भाज्या पातळ दुधात शिजवल्या. शेवटी दाट दूध ओतून, उकळी फुटायच्या आत गॅस बंद केला. शोशाम्मा टक लावून बघत होती. ती स्वतः यात तसूभरही वेगळं करत नव्हती.

"यात काय घालतेस गं तू?" तिने विचारलंच.

"मी कसलं काय घालते, चेची!" थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी ग्रेसी हसत म्हणाली. "औसेपच्चनना पहिल्यापासून माझ्या हातचं आवडतं. सराव संपला की विचारायचे, आज काय केलंस?"

शोशाम्मा कढीपत्ता तिथेच विसरून घरी आली.

त्या संध्याकाळी तिने ताजा नारळ खवून दूध काढलं. शेगडीपुढून हलली नाही. औसेपच्चनने तीन घास खाल्ले आणि ताटली सरकवली.

दुसऱ्या दिवशी ग्रेसीला पाला गावाची बस गाठायची होती. डबा शोशाम्माच्या हातात देऊन ती घाईने गेली. शोशाम्माने इष्टू पातेल्यात ओतला, शेगडीवर ठेवला. मिठाची बरणी बाजूलाच होती. हात कधी आत गेला तिला कळलंच नाही, असं ती पुढे म्हणू शकली असती. पण तिला चांगलं कळलं होतं. तिने मूठभर मीठ टाकून ढवळलं आणि ताटली नेऊन त्याच्यापुढे ठेवली. एकदा तरी तो तोंड वाकडं करील, ग्रेसीचं नाव घेऊन!

त्याने अप्पमचा तुकडा बुडवला, खाल्ला. दुसरा बुडवला.

"ग्रेसीला सांग, छान झालाय आज."

शोशाम्मा बघतच राहिली. मग त्याच्या ताटलीत बोट बुडवून तिने चाखलं आणि धावत जाऊन मोरीत थुंकली. परत येऊन तिने त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला.

"इच्चायन," तिने नवऱ्याला नेहमीची हाक मारली, "मीठ कसंय?"

"बेताचं आहे की."

"मूठभर घातलंय मी त्यात!"

तो अंगणातल्या फणसाकडे बघत राहिला.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"किरणं दिली तेव्हापासून. पायसम काय नि पेज काय, मला सगळं सारखंच."

"मग तिच्या डब्याला वा वा कसली?"

"समोर बसते ना, तोंडाकडे बघत. काय म्हणू तिला? आवाज गेला ते सगळ्या गावाला कळलं. जीभही गेली, हे कशाला कळायला हवं?"

"आणि मला? मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगणार होतो. तुला रडू येईल म्हणून राहिलं. पण एली, तुझ्यापुढेही सोंग करत बसलो तर मी टेकू कुठे? खावंसं वाटत नाही तेव्हा ताटली सरकवतो. तुझ्यापुढेच सरकवता येते."

घरात तिला लाडाने एली म्हणणारा तो एकटाच उरला होता. तिचे डोळे भरून आले, पण राग काही उतरला नाही.

"सोंग का होईना, वा तिच्याच वाट्याला! लग्न झाल्यापासून मला कधी म्हणालात?"

"म्हणालो नसेन," तो खजील होऊन म्हणाला. "पातेलं मात्र पुसून खायचो."

तिला हसू फुटलं आणि त्याच्या दंडावर तिने एक चापट मारली. मग तिला मिठाची आठवण झाली. दिवसभर ती त्याला पाणी पाजत राहिली आणि मनातल्या मनात मेरीमातेची माफी मागत राहिली.

सकाळी ग्रेसी आली. "काल आवडला का गं त्यांना?"

शोशाम्माच्या अगदी ओठावर आलं होतं. नुसतं एक वाक्य बोलली असती, तर इतक्या वर्षांचं उट्टं निघालं असतं. पण ते वाक्य औसेपच्चनचं होतं, आणि त्याने ते फक्त तिच्या हवाली केलं होतं. ते ग्रेसीला का म्हणून द्यायचं?

"आवडला," ती म्हणाली. "पण आता रोज आणू नकोस. रविवारी आण."

"काही चुकलं का माझं?"

"नाही गं. मला त्यांना माझ्या हातचं खाऊ घालायचंय."

ग्रेसी डब्याच्या कडीशी चाळा करत उभी राहिली. "चर्चमध्ये त्यांच्या जागेवर अजून कुणी उभं राहत नाही, चेची," ती म्हणाली. "इथे येऊन बसलं की बरं वाटायचं."

शोशाम्माला तिची दया आली. लगेच मागोमाग जुनी कळही आली. "रविवारी ये म्हटलं ना," ती जरा तुटकपणे म्हणाली, आणि ग्रेसी गेल्यावर तिने शेगडी पेटवली.

इष्टू झाल्यावर ती ताटली घेऊन त्याच्यासमोर बसली, ग्रेसीच्याच खुर्चीत.

"खोटं बोलायचं नाही. जे कळतं तेवढंच सांगा."

त्याने डोळे मिटून घास घोळवला. "गरम आहे. दूध दाट आहे. बटाटा विरघळतो." थोडा थांबून म्हणाला, "फरसबी मात्र कच्ची आहे."

"कच्ची?" शोशाम्मा ताडकन उठली. "आणा इकडे ती ताटली."