वैजयंतीचा विषय

आमच्या वैजयंतीला कारखान्यात लागून तीन वर्षं झाली होती, तेव्हा तिला पुढे शिकायला पाठवायचं ठरलं. भोपाळच्या या कारखान्यात तशी सोय होती. पगारी रजा मिळायची, एम.टेक. करून यायचं आणि पुन्हा कामावर रुजू व्हायचं. विषय मात्र कारखान्याच्या कामाचा हवा. कुठला, ते महिनाअखेरीला साहेबांना कळवायचं होतं.

आमच्या ह्यांना त्यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. त्यांची सगळी नोकरी टर्बाइनच्या ब्लॉकमध्ये गेलेली. टाउनशिपमध्ये माणसाची ओळखच ब्लॉकवरून. स्थळ आलं तरी आधी मुलगा कुठल्या ब्लॉकला आहे ते विचारतात. तेव्हा विषय म्हणजे परत आल्यावर कुठल्या ब्लॉकमध्ये बसायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात.

"थर्मल घे," ते म्हणाले. "टर्बाइनला येशील. माझ्या हाताखालची पोरं अजून आहेत तिथे."

वैजयंती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

रविवारी तांदूळ निवडताना मी तिला विचारलं. मी वाचायला शिकले तीच चाळिशीनंतर, इथल्या महिला मंडळात, त्यामुळे मला सांगताना ती सोपं करून सांगते. चेन्नईला एक विषय शिकवतात म्हणाली. माणसाचे गुडघे, खुबे यंत्रासारखे कसे चालतात, झिजले तर कृत्रिम सांधा कसा घडवायचा. गेट परीक्षेच्या मार्कांवर तिला तिथे प्रवेश मिळत होता. भराभर बोलत होती, मध्येच थांबली. त्याचा कारखान्याला काय उपयोग, राजीनामाच द्यावा लागेल, जाऊ दे, म्हणाली.

जाऊ दे कशामुळे, ते मला माहीत होतं. हे निवृत्त झाल्यावर क्वार्टर तिच्या नावावर झालं होतं. तिने नोकरी सोडली की तेही सुटणार. शेजारपाजारचे निवृत्त लोक रोज येऊन कशात किती स्कोप ते सांगून जायचे, पण क्वार्टरचं नाव कुणी काढत नव्हतं. मीही नाही. या वयात बिऱ्हाड बांधायच्या विचारानेच पाठ दुखायची.

टाउनशिपमध्ये भिंती कारखान्याच्या. मागची पत्र्याची पडवी, कूलरचा स्टँड, झाडं आपली. क्वार्टर सोडणारा आधी शेजाऱ्यांना विचारतो, यातलं काय हवं. एकदा देऊ केलेलं कुणी मागे घेत नाही. आठवडाभर मी घुटमळत होते. मग कुंपणापाशी गेले आणि शेजारच्या शोभाला म्हटलं, आमच्या पडवीचे पत्रे तू घे.

ती कपडे वाळत घालत होती. हात दोरीवरच राहिला. कधी निघताय, एवढंच तिने विचारलं.

ह्यांना ते सोनागिरीच्या बाजारात भाजीवाल्याकडून कळलं. घरी येऊन पिशवीसकट खुर्चीत बसले. संध्याकाळी वैजयंती आली तीच तणतणत.

"गेटवर लोक विचारतायत, क्वार्टर कधी खाली करताय. आई, मला न विचारता?"

"तू तरी आम्हाला कुठे विचारलंस? आमच्यासाठी थर्मल घ्यायला निघाली होतीस."

"शोभाकाकूंना सांग, नाही द्यायचे पत्रे."

"कुठल्या तोंडाने सांगू? तिच्या नवऱ्याने माप घेऊन नेलं."

ह्यांनी मान वर केली. "आमच्यासाठी म्हणजे?"

मग तिनेच त्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. ते ऐकत राहिले. चहा निवून गेला.

"म्हणजे हाडांचा ब्लॉक," शेवटी ते म्हणाले.

वैजयंतीला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी रजा नको, राजीनामाच देते म्हणून साहेबांना सांगायला ती लवकर गेली. आम्ही दोघं अयोध्या नगरला घर बघायला गेलो. परवडेल अशी दोन खोल्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. जिन्याच्या वळणावर ह्यांनी कठडा धरला.

"शिकून झाल्यावर ती इथे येईल परत?"

"नाही येणार."

"मग दोन खोल्या कशाला बघतोय आपण?"

मलाही दम लागला होता. वर घरमालक किल्ली घेऊन उभा होता. मी ह्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चढू लागले.