सोबतीचा बिल्ला

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात पेशंटजवळ एकच माणूस राहू शकतो. त्याच्या गळ्यात सोबतीचा बिल्ला असतो. तो नसेल तर गार्ड सख्ख्या आईलाही आत सोडत नाही. मी माझ्या नातवाजवळ होते. शेजारच्या खाटेवर चार वर्षांची मेरिएल. तिच्या घशात मसांसारख्या गाठी येतात, कापल्या की पुन्हा उगवतात. आवाज कधीच गेलाय आणि रडली की श्वास अडतो. म्हणून तिची आई डेल्फिना तिला रडूच देत नसे.

सकाळी डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि खाटेशी उभं राहून मोठ्याने म्हणाले, "हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि बाळंतपणात आईकडून मुलाला येतो." अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. पेज घेऊन दारात आलेल्या डेल्फिनाच्या सासूनेही, लोला पासिंगनेही, ऐकलं.

डॉक्टर पुढे सरकले आणि तिने आत येऊन सुनेच्या गळ्यातला बिल्ला ओढून काढला. "माझा पोरगा वर्षभर जहाजावर राबतो आणि तू मागे हे दिवे लावतेस? हो बाहेर!"

डेल्फिना जिन्यावर जाऊन बसली. मेरिएल आवाज न करता रडत राहिली आणि आजी तिच्या तोंडात पेज कोंबत राहिली. दुपारी पोरीच्या गळ्याखालची खळी आत ओढली जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर उद्याच्या ऑपरेशनपर्यंत थांबता येणार नाही, गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल. सहीसाठी बापाला, नुकत्याच रजेवर आलेल्या आर्नुल्फोला, बोलावलं. तो येऊन खाटेशी उभा राहिला.

माझं डोकंच फिरलं. "डॉक्टर, सकाळी अर्धंच बोललात. आईला कुणाकडून आला तो विषाणू?"

"ते सांगता येत नाही, नानाय," वयस्क बाईला आई म्हणतात तसं मला म्हणत ते पुटपुटले. "लाखो लोकांत असतो. वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो. नवऱ्याकडूनही आला असेल."

"मोठ्याने बोला की! सकाळी तर घसा चांगला चालत होता."

ते मोठ्याने बोलले. आर्नुल्फोचं तोंड उतरलं. त्याने आईच्या हातातून बिल्ला घेतला आणि जिन्याकडे गेला.

डेल्फिनाने पोरीला छातीशी धरलं. हळूहळू पोरीचा श्वास सैल झाला आणि नळी टळली.

संध्याकाळी डॉक्टर परत आले. मला वाटलं, आता तरी डेल्फिनाची माफी मागतील. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. उद्याच्या ऑपरेशनच्या सहीसाठी आत घेतलेल्या आर्नुल्फोच्या खांद्यावर हात ठेवून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. यात कुणाचाच दोष नसतो."