शेऱ्याचा रकाना

माझ्या ताईने एका मंगळवारी चाळीस पँटी कापल्या आणि चाळीसही पँटींचे दोन्ही पाय डावे निघाले.

हे वाटतं तितकं सोपं नाही. आम्ही दोघी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात आहोत. ती कापायला, मी काज-बटणाच्या मशिनवर. तिथे कापडाचे थर समोरासमोर तोंड करून घालतात, म्हणजे एकाच कापात एक डावा आणि एक उजवा असे जोडीने पाय सुटतात. बारा वर्षं कापणाऱ्या बाईला थर उलटे घाल म्हणून सांगितलं, तरी तिचा हात तसा जाणार नाही. ताईचा गेला.

मास्तरांनी दोन पाय उचलून उजेडात धरले. "अशी एखादी शाळा सांग मला," ते म्हणाले, "जिथली पोरं फक्त डावीकडे वळतात."

"मास्तर, मैदानाला गोल फेऱ्या मारायला बऱ्या," मी म्हणाले.

सगळे हसले. विनोद करणं हे माझं जोडकाम आहे. ताईच्या घरी गेले, तरी ती बोलता बोलता मध्येच थांबली की मी म्हणायचे, "थांबा, मशीन परत चालू होतंय." ती किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायची, तेव्हा मी तिला विचारलं होतं की घर गरम झालंय का. या विनोदांना सगळ्यांत जास्त भावोजी हसायचे. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण एरवी माझ्या विनोदांना ते कधी हसत नाहीत.

ताई मात्र हसली नाही. ट्यूबलाइटच्या उजेडापासून डोळे झाकत ती टेबलाची कड धरून उभी होती. मग खाली बसली आणि चिंध्यांच्या टोपलीत ओकली. मास्तर म्हणाले, "टवाळे, मशीन बंद कर आणि हिला दवाखान्यात ने." ती टवाळी म्हणजे मी.

दवाखान्यात एक नर्स होती. तिने ताईच्या डोळ्यांत टॉर्च मारला तशी ताई म्हणाली, "बाथरूममध्ये घसरून पडले."

"मी अजून काही विचारलंच नाही," नर्स म्हणाली.

"सवय आहे," ताई म्हणाली.

नर्सने मला बाहेर जायला सांगितलं. ताई म्हणाली, "असू दे, तिला माहीत आहे." ते खरं होतं. ताई दोन महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन आमच्याकडे, आईच्या घरी निघून आली होती. भावोजी मारतात हे आम्हाला माहीत होतं. मार डोक्यात राहतो हे माहीत नव्हतं.

नर्सने विचारलं, "आजवर डोक्याला किती वेळा लागलंय?"

हा प्रश्न ताईला कधी कोणी विचारला नव्हता. हात मोडला का, टाके पडले का, हे विचारलं होतं. ती बोटांवर मोजायला लागली. दोन्ही हातांची बोटं संपली, तेव्हा तिने माझा हात ओढून घेतला.

नर्स खुर्ची ओढून बसली. "गळा दाबला होता कधी?"

"दोनदा."

"बाहेरून टाका पडला नाही म्हणजे लागलं नाही, असं नसतं बाई. डोकं आपटलं की मेंदू आतल्या आत हलतो, कवटीला धडकतो. गळा दाबला की त्याला प्राणवायू मिळत नाही. बेशुद्ध पडायलाच हवं असंही नाही. उजेड सहन न होणं, शब्द न सापडणं, विसरणं, उगाच चिडणं, मळमळ, हे सगळं त्यातून येऊ शकतं. आणि बरं व्हायच्या आत परत परत लागलं तर ते लांबतं."

ताई बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, मशीन बंद पडलं. या वेळी मी काही बोलले नाही.

"म्हणजे मी वेडी होत नाहीये," ती म्हणाली.

"नाही. तुम्हाला इजा झालीय. मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी देते. ते तपासतील, मग उपचार, व्यायाम आणि विश्रांती. थकायच्या आधी थांबायचं, थकल्यावर नाही."

वेडी हा शब्द ताईने हवेतून आणला नव्हता. भावोजींनी कोर्टात अर्ज केला होता की बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, तेव्हा आठ वर्षांची मुलगी माझ्या ताब्यात द्या. पुढच्या बुधवारी कोर्टातल्या समुपदेशक बाई दोघांना समोर बसवून बोलणार होत्या. त्यांच्या अहवालावर पोरगी कुठे राहणार हे बरंचसं ठरणार होतं.

अर्जाला एक यादी जोडलेली होती.

भावोजी एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. नोंद केल्याशिवाय त्यांना शिंकताही येत नाही. घरातल्या चमच्यांचीसुद्धा वही आहे. ती वही हरवू नये म्हणून वह्यांची एक वही आहे. तर त्यांनी गेल्या दोन वर्षांतल्या ताईच्या चुकांचा तक्ता केला होता. एकूण एकतीस चुका. रकाने पाच: अनुक्रमांक, तारीख, वेळ, चूक आणि शेरा. गॅस चालू ठेवून बाहेर गेली. मुलीला शाळेतून आणायला विसरली. एकच गोष्ट तीनदा विचारली. मिठाच्या बरणीत साखर.

आईने तक्ता हातात घेतला. "जावईबापूंचं काम नेहमीच टापटिपीचं," ती म्हणाली, आणि मग पदराने डोळे पुसले. आमच्या आईला दोन्ही एकदम जमतं.

"ताई, सगळं खरं आहे का यातलं?" मी विचारलं.

"खरं आहे," ताई म्हणाली. "म्हणूनच घाबरले होते." मग ती म्हणाली, "कात्री आण."

तिने यादीची झेरॉक्स काढून आणायला लावली आणि ती आडवी कापली. एकतीस पट्ट्या. कापताना ती सुरकुतीसुद्धा पाडत नाही. मग जमिनीवर जुनी चादर पसरली आणि पट्ट्या तारखेने टाचायला घेतल्या. दहा मिनिटं झाली की ती उठून आतल्या खोलीत पडदे ओढून वीस मिनिटं पडायची. मग परत दहा मिनिटं. मी म्हणाले, "मी तासाभरात लावून देते."

"कापणं आणि जुळवणं माझं काम. तू काजं कर."

"इथे काजं कुठे आहेत?"

"मग गप्प बस."

तीन दिवस लागले. भाची शाळेतून आली की उड्या मारून चादर ओलांडायची आणि विचारायची, "मावशी, आई काय शिवतेय?" मी सांगायचे, "बाबांना झगा." ताई माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "बरं, खेळ आहे एक."

तिसऱ्या दिवशी ताईने तिच्या पिशवीतून दवाखान्याचे जुने केसपेपर काढले. तीन होते. तिन्ही वेळा भावोजींनीच तिला नेलं होतं आणि तिन्हींवर लिहिलं होतं, 'बाथरूममध्ये घसरून पडल्याचे पतीने सांगितले.' ते तिने त्या त्या तारखेला चादरीवर टाचले. मग मला म्हणाली, "शेऱ्याचा रकाना वाच. मला आता अक्षरं हलताना दिसतायत."

मी वाचलं. अनुक्रमांक एक. चूक, दुधाचं पातेलं जाळलं. शेरा, 'आदल्या दिवशी किरकोळ वाद. तोल जाऊन कपाटावर आपटली.' अनुक्रमांक सहा. शेरा, 'आदल्या दिवशी वाद. तोल जाऊन कपाटावर.' अनुक्रमांक बारा. 'वाद. कपाट.' असे पाच शेरे होते. बाकीच्या सव्वीस ठिकाणी 'वरीलप्रमाणे'.

मी चादरीवर बसले. "यांनी हे स्वतःहून लिहून दिलं?"

"त्यांच्या गोदामात रकाना रिकामा सोडला तर वही परत येते," ताई म्हणाली. "कारण लिहावंच लागतं. बारा वर्षांत त्यांनी कधी रकाना रिकामा सोडलेला मी पाहिला नाही."

आता चादरीकडे उभ्याने बघितलं की सगळं दिसत होतं. एक आपटणं, मग तीन-चार चुका घोळक्याने, मग त्या विरळ होत जाणार, मग पुढचं आपटणं, परत घोळका, आधीपेक्षा मोठा. पहिल्या आपटण्याच्या आधी एकही पट्टी नाही. म्हणजे भावोजींच्याच नोंदीप्रमाणे त्याआधीची दहा वर्षं माझी बहीण बिनचूक होती. इतकं चांगलं प्रशस्तिपत्र तिला आमच्या मास्तरांनीही दिलेलं नाही.

बुधवारी मी चादर गुंडाळून काखेत घेतली आणि कोर्टात गेले. दारावरच्या शिपायाने विचारलं, "मुक्काम आहे का?" मी म्हणाले, "तारखा कशा पडतात त्यावर आहे."

समुपदेशक बाईंची खोली लहान होती. ताई काळा चष्मा आणि टोपी घालून बसली. भावोजी इस्त्रीच्या शर्टात आले, बाईंना नमस्कार केला, मला "काय मेहुणीबाई" म्हणाले आणि ताईकडे हात दाखवून बाईंना म्हणाले, "बघा. हे असं असतं."

"उजेडाने डोकं दुखतं," ताई म्हणाली. "वरचा दिवा बंद करता येईल का?"

बाईंनी उठून दिवा बंद केला. खिडकीतून पुरेसं दिसत होतं.

"तुम्ही घर का सोडलंत, ते तुमच्या शब्दांत सांगा."

ताईने सुरुवात केली. ती तयारी करून आली होती, पण शब्द तयारीला जुमानत नाहीत. "यांनी माझे केस धरले आणि डोकं... त्याच्यावर... ते नसतं का, कपडे ठेवतो ते, लोखंडी..." ती थांबली. मी ओठ चावले. बाई वाट बघत होत्या.

"कपाटावर," भावोजी म्हणाले.

त्यांना चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. बाईंनी ते लिहून घेतलं. मग भावोजी म्हणाले, "म्हणजे तिला तो शब्द हवा होता. मी नुसता शब्द दिला."

"हो," ताई म्हणाली. "कपाटावर. शेवटच्या रात्री तीनदा." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पसर."

मी चादर टेबलावर पसरली. ती दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती. बाई उभ्या राहिल्या, एका टोकापासून वाचत दुसऱ्या टोकाला गेल्या, परत आल्या. नंतर केसपेपरवर बोट ठेवलं. "लागल्याचा दिवस तोच. दवाखान्यात तुम्ही सांगितलंत बाथरूम. इथे लिहिलंय कपाट."

"घर लहान आहे," भावोजी म्हणाले.

"आणि पाचही वेळा यांचा तोल वादानंतरच गेला?"

"तसा रकाना होता."

मला वाटलं, जिंकलो. पण भावोजी स्टोअरकीपर आहेत, माल एका दाराने गेला की दुसऱ्या दाराने आत आणतात. त्यांनी घसा साफ केला. "ठीक आहे बाई. म्हणजे हिच्या मेंदूला इजा आहे, हे आता हीच म्हणतेय. मग माझा मुद्दा वेगळा कुठे आहे? अशा बाईच्या हाती लहान मुलगी द्यायची? विचारा तिला, मागच्या आठवड्यात कारखान्यात काय घोटाळा केला. मला सगळं कळतं."

बाईंनी ताईकडे बघितलं. "यावर तुम्हाला काय म्हणायचंय?"

ताईने टेबलाची कड धरली. घाई केली नाही. नर्सने सांगितल्याप्रमाणे थांबली, श्वास घेतला, आणि मग बोलली.

"खरं आहे. चाळीस पँटी चुकल्या. मुलगी एकदाही चुकली नाही. दोन महिने झाले. तिला रोज वेळेवर आणते. मोबाइलमध्ये तीन गजर लावलेत, दारावर कागद लावलाय. मी उठले नाही तर ही जाते, ही गेली नाही तर आई जाते. मला विसरायला होतं हे मला माहीत आहे, म्हणून मी विसरण्याची सोय केलीय. दोन महिन्यांत मला कोणी आपटलेलं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेतलीय, उद्याची वेळ आहे. इजा मला झालीय, बाई. ती करणाऱ्याकडे मुलगी द्यायची का, एवढंच तुम्हाला लिहायचंय."

इतकं लांब ती गेल्या वर्षभरात बोलली नव्हती. शेवटच्या दोन वाक्यांना तिचा आवाज बसला होता, पण एकही शब्द सुटला नाही.

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. मुलगी सध्या आईकडेच राहावी. वडिलांनी तिला कोर्टातल्या खोलीतच, दुसऱ्यांच्या देखत भेटावं. आईची मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासणी व्हावी आणि उपचार सुरू राहावेत. अर्जदाराची यादी आणि केसपेपर सोबत जोडावेत. "निकाल न्यायाधीश देतील," त्या म्हणाल्या. "मी माझं मत दिलंय. चादर मात्र मला फाइलला लावता येणार नाही, तेवढे फोटो काढते."

भावोजींनी सहीच्या आधी तारीख तपासली.

बाहेर पायऱ्यांवर ते ताईच्या जवळ आले. मी मध्ये उभी राहिले. माझ्या खांद्यावरून ते तिला हळू आवाजात म्हणाले, "आठवड्याभरात विसरशील तू हे सगळं."

"विसरेन," ताई म्हणाली. "म्हणून लेखी घेतलंय."

ते गेले. मी म्हणाले, "रिक्षा बघते."

"आत्ता नको. डोकं फुटायला आलंय." ती जिन्याखालच्या सावलीतल्या बाकावर बसली आणि टोपी डोळ्यांवर ओढली. "वीस मिनिटं. मग आधी कारखान्यात जाऊ. मास्तरांना सांगायचंय, मला काय झालंय ते. सगळ्यांसमोर."

"आजच?"

"आजच. तू गजर लाव."

मी गजर लावला आणि तिच्याशेजारी बसले. वीस मिनिटं मी एकही विनोद केला नाही. गजर वाजायच्या आत ती उठली.