बाबनरावांचं पॉलिश

हुडकेश्वरच्या बाबनरावांचा ट्रम्पेट असा चमकायचा की एकदा भिवापूरच्या लग्नात नवरदेवाच्या घोड्याला त्याच्या भोंग्यात दुसरा घोडा दिसला. तो वाट सोडत नाही तोवर हा हलेना. शेवटी नवरदेव पायी मांडवात गेला. खोटं वाटत असेल त्याने घोड्याला विचारावं. नवरदेव अजून बाबनरावांशी बोलत नाही.

या चमकीमागे त्यांचं घरचं पॉलिश होतं. पांढरी टूथपेस्ट, चुलीची राख आणि वरून लिंबू. पितळेवर लावायचं अन् खांदा दुखेपर्यंत घासायचं. त्यामुळे नात रोशनीच्या दातांवर तार बसली आणि थोड्याच दिवसांत ती बाबनरावांना मळकट दिसू लागली, तेव्हा त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. ते रोज सकाळी ब्रशवर पॉलिश काढून द्यायचे आणि समोर उभे राहायचे.

"जोर लाव वं! बँडवाल्याची नात तू, अन् तोंडातलं सामान असं काळंकुट्ट?"

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत रोशनी पहिल्यांदा पुढच्या रांगेत ट्रम्पेट वाजवणार होती. सगळ्या वस्तीला बाबनरावांनी ते सांगून ठेवलं होतं. आणि ऐन तोंडावर तार तुटली. तुटकं टोक ओठात घुसायचं. ट्रम्पेट ओठांना लागला की पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी.

बाबनराव भडकले. तिला घेऊन सदर भागातल्या दातांच्या दवाखान्यात धडकले. नेमकं कुठे टोचतं ते दाखवायला रोशनीने ट्रम्पेटही बरोबर घेतला होता.

"कच्चा माल लावला तुम्ही!" त्यांनी दारातूनच तोफ डागली.

डॉक्टर वंदनाबाईंनी रोशनीच्या तोंडात आरसा घातला. "तारेला खड्डे पडलेत. ब्रश कशाने करतेस गं?"

रोशनीने सगळं सांगून टाकलं. बाईंनी आरसा खाली ठेवला.

"लिंबू? राख? काका, हे दात आहेत, बँडचं सामान नाही!"

"बँडच्या सामानाले नावं ठेवू नका मॅडम!"

"अहो, साधी फ्लोराइडची पेस्ट दातांना हवीच. पण त्यात लिंबू पिळलं की ते मिश्रण तारेवरचं पातळ कवच खातं. डोळ्यांना दिसत नाही, पण गंजापासून तेच वाचवतं. उरलेलं तुमची राख खरवडते. मग तार तुटणार नाही तर काय?"

"मी जल्मभर बाजा घासून राहिलो. तो तुटला काय?"

"तुटला नसेल, झिजला असेल. वरचा थर जाणारच. हे घासणं बंद करणार असाल तर आज नवी तार बसवते. नाहीतर सगळं काढून टाकते, मग मिरवणूक असो नाहीतर आणखी काही."

बाबनरावांच्या कानशिलांतून वाफ निघाली. पंख्याची पाती त्या वाफेने उलटी फिरली म्हणतात. ट्रम्पेट उचलून ते तरातरा बाहेर व्हरांड्यात आले. पण 'थर' हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना.

त्या ट्रम्पेटवर त्यांच्या बापाचं, धोंडबाचं, नाव कोरलेलं होतं. एकदा मधुकररावांच्या दुकानातून दुरुस्त होऊन आला आणि पाहतात तर नाव नाही. तेव्हापासून 'मधुकरने माझा बाजा बदलला' म्हणून ते गावभर बोंबलत फिरले. मधुकरराव दिसले की रस्ता बदलायचे.

त्यांनी भोंगा उन्हात धरून तिरपा केला. डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. काठाशी केसाएवढी एक रेघ दिसली. तिच्या डोक्यावर अर्धवट टिंब. 'धों'चं टिंब.

बाबनराव आत आले. डॉक्टरांकडे न बघता गुरगुरले, "बसवा तार. नाही घासत."

तार बसली. मग ते रोशनीला घेऊन सरळ मधुकररावांच्या दुकानात शिरले आणि काउंटरवर ट्रम्पेट आपटला.

"काहून गा मधुकर, मले सांगितलं काहून नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"का हा बाजा माझाच हाय, अन् बापाचं नाव मीच घासून खाल्लं!"

मधुकररावांनी चष्मा वर केला. "हजारदा सांगितलं. तू तर लोकायले सांगत होता का मधुकर चोर हाय."

"मंग मोठ्यानं काहून नाही सांगितलं!" बाबनराव गरजले. शेजारच्या दुकानातला ढोल आपसूक वाजला.

रोशनी तोंडावर हात धरून हसली. मधुकररावांनी चहा सांगितला आणि कोरायची सळई काढली.

"खोल कोर," बाबनराव म्हणाले. मग कपात बघत, "मी सांगतो लोकायले. चोर नाही म्हणून."

"मोठ्यानं सांगजो."

चौदा एप्रिलला रोशनी पुढच्या रांगेत उभी राहिली. ट्रम्पेट तपकिरी पडलेला, त्यावर धोंडबाचं नाव ठसठशीत. दुसऱ्या बँडचा बंटी खिदळला, "आबाजी, यंदा बाजा घासला नाही काय? मातीचा वाटून राहिला!"

"डोये फुटले काय बे तुझे!" बाबनराव इतक्या मोठ्याने ओरडले की मिरवणूक थांबली. "कवच हाय ते, कवच!"

आणि रोशनीने सूर लावला. ओठात काहीच टोचलं नाही. तिकडे भिवापुरात तो घोडा म्हणे सूर ऐकून दावं तोडून मिरवणुकीकडे निघाला, आणि या वेळी भोंग्यात दुसरा घोडा नव्हता, म्हणून मध्ये कुठे थांबला नाही.